बद्द वाजणारी सायकल

परवा रविवारी सायकलच्या दुकानात माझा जो पचका झाला तो अजून पचलेला नाहीये.

तीन महिने माझा अभ्यास चालू होता. माझी ॲल्युमिनियमची रोडबाईक पुण्याजवळचा बोपदेव घाट उतरताना दात खिळखिळे करते, तर आता फ्रेम कशाची घ्यावी, एवढाच प्रश्न. स्टील आरामशीर म्हणतात, पण नुसती फ्रेमच दोन किलोच्या आसपास, वर पावसाळ्यात गंजाची धास्ती. कार्बन, म्हणजे कार्बन फायबर, किलोभराचा, हादरे पितो म्हणे, पण सायकल दीड-पावणेदोन लाखाला. टायटॅनियम गंजत नाही, पण त्याचं वेल्डिंग आर्गॉन वायूच्या पांघरुणाखाली करावं लागतं, त्यामुळे किंमत विचारायचीच नाही. बायको म्हणाली, "तुझ्या चष्म्याची फ्रेम टायटॅनियमचीच आहे ना? नाकाला काय आराम पडलाय?"

तर जुनी सायकल एक्स्चेंजला घेऊन गेलो. दुकानातला पोरगा कार्बनची दाखवत होता आणि मी गंभीर चेहऱ्याने "लेअप कसाय?" विचारत होतो (म्हणजे काय ते मला नीटसं माहीत नाही), तेवढ्यात नातवाच्या सायकलचं पंक्चर काढायला आलेले एक काका मधे घुसले. पंचाहत्तरीचे असतील, हातात पिशवी, पिशवीतून शेपूची जुडी डोकावतेय. काही न विचारता त्यांनी कार्बनच्या फ्रेमला टिचकी मारली. कान लावला. परत मारली. माठ घेताना मारतात तशी.

"बद्द वाजतंय."

"काका, कार्बन आहे तो."

"असू दे की. कच्चा राहिलाय. भाजला नाही नीट."

"भट्टीत भाजतातच हो काका, धागे चिकटवणारं आतलं रेझिन पक्कं व्हायला."

"मग! मी काय वेगळं म्हणतोय?"

मग ॲल्युमिनियमला टिचकी. टण्ण. मग स्टीलला. टिंऽऽग. "हां, हा पक्का माठ. हा घ्या." मला हसू आलं, तर पोरगा म्हणतो, "नाही सर, काका बरोबर करतायत. सेकंडहँड कार्बन आम्हीपण नाण्याने वाजवूनच बघतो, आत तडा असला तर तेवढ्या जागी आवाज बदलतो." म्हणजे सर मी, आणि बरोबर ते.

आता काका माझ्या सायकलकडे वळले. तिला टिचकी नाही. सरळ टायरवर अंगठा दाबला. "अहो, हा दगड आहे! हवा किती भरता?"

"१२० पीएसआय," मी जरा ताठ होऊन म्हणालो, "टायरवरच लिहिलंय तसं."

"सर, ते जास्तीत जास्त असतं," पोरगा हळू आवाजात. काका मात्र हळू आवाजातले नव्हते. "पातेल्यावर पाच लिटर लिहिलंय म्हणून काठोकाठ दूध तापवता का हो?"

अख्खं दुकान हसलं. नातूसुद्धा. त्याला काय कळलं देव जाणे.

पुढे काकांच्या काळ्या सायकलची कथा ऐकावी लागली, तिचं दीड इंची टायर, खाली स्प्रिंगा असलेली चामड्याची सीट, तिच्यावर डबलसीट काकू. खरं सांगायचं तर आराम त्या लोखंडात नव्हताच, टायरात आणि सीटमध्ये होता, आणि हे तीन महिने वाचून मला कळलं नाही याचीच जास्त चीड येते. पोरग्याने माझी २५ एमएमची टायरं ८५ वर आणली, म्हणाला ही झिजली की २८ ची बसतायत का बघू, मग हवा अजून कमी चालेल.

पण मी म्हणतो, ही वेळ यावीच का? पुणं म्हणे सायकलींचं शहर. सायकल ट्रॅक आहेत की, त्यावर पाणीपुरीची गाडी, तिच्यामागे लावलेली कार, आणि पुढे उखडलेले ब्लॉक. रस्ता खणतात, बुजवतात, बुजवलेला भाग दोन इंच वर नाहीतर दोन इंच खाली. फ्रेमचं मटेरियल शोधत बसलो मी, रस्त्याचं मटेरियल कुठलं हे कुणाला विचारायचं? टॅक्सही आपणच भरायचा आणि हादरे पिणारा कार्बनही पावणेदोन लाख मोजून आपणच घ्यायचा.

येताना सायकल गादीसारखी चालली. त्याचाही राग आला.

दारात बायको. "काय, कुठली ठरली?"

"कुठलीच नाही. हवा काढली फक्त."

"कुणाची?"