गळतीचं प्रमाण

आमच्या इमारतीत माणसांना नावं आहेत, पण ती लेटरबॉक्सवर. एरवी सगळे आकडे. मी तीनशे दोन. पोलीस खात्यातला माझा मावसभाऊ या आकड्याला वर्षानुवर्षं हसत आला. मग १ जुलै २०२४ला नवी न्याय संहिता लागू झाली, खुनाचं कलम ३०२वरून १०३वर गेलं, आणि तो विनोद एका रात्रीत दोन मजले खाली उतरला. एकशे तीनमधल्या वहिनींना ही बातमी मीच दिली. तेव्हापासून त्या माझ्याशी जरा जपून बोलतात.

पण सांगायचं आहे ते छताबद्दल.

गेल्या वर्षी ऐन मे महिन्यात आमच्या बेडरूमच्या छताला ओल आली. आधी पुरीएवढी, मग भाकरीएवढी, आणि मुलुंडला पहिला पाऊस पडेपर्यंत चांगली परातीएवढी. रंगाचे पोपडे सुटले. जूनमध्ये पहिला थेंब पडला तो नेमका माझ्या उशीवर. मग पलंग सरकवला आणि त्या जागी आम्रखंडाचा एक किलोचा रिकामा डबा ठेवला. रात्री सगळं शांत झालं की टप्. मी झोप लागेना म्हणून मोजायचो. मिनिटाला अकरा. वैतरणेचं पाणी शंभरेक किलोमीटर पाइपातून न सांडता येतं, भांडुपला शुद्ध होतं, आमच्या टाकीत चढतं, आणि शेवटच्या सहा इंचांच्या स्लॅबपाशी त्याला कुणी वाली उरत नाही. पुराणातली वैतरणी नरकाच्या वाटेवर लागते. आमची पलंगावर.

बी.ए.ला मी तत्त्वज्ञान घेतलं होतं. का, ते विचारू नका. तेहतीस वर्षं बँकेत काढली, तिथे त्याचा दमडीचा उपयोग झाला नाही. आता छत गळायला लागल्यावर मात्र न्यायदर्शन, म्हणजे आपलं जुनं तर्कशास्त्र, धडाधड आठवायला लागलं. ज्ञानाची साधनं चार: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. प्रत्यक्ष म्हणजे डबा. अनुमान म्हणजे डोंगरावर धूर दिसला तर तिथे आग असणार. तसं छताला ओल, म्हणजे वरचं बाथरूम गळकं. शब्द म्हणजे विश्वासू माणसाचं वचन, आणि छताच्या बाबतीत विश्वासू माणूस म्हणजे प्लंबर. त्याने खाली उभं राहून वर पाहिलं, मान हलवली आणि म्हणाला, "ऊपरवाले का है, साब."

मी ते वाक्य तत्त्वज्ञान म्हणून घेतलं नाही, पत्ता म्हणून घेतलं. वरचा म्हणजे चारशे दोन.

चारशे दोनमधले भाऊ बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. बोलणं कमी. लिफ्टमध्ये मी विषय काढला, तर म्हणाले, "बघतो." आठ दिवसांनी पुन्हा काढला, तर म्हणाले, "बघितलं, काही दिसलं नाही." मग मी पत्र लिहिलं. न्यायशास्त्रात वाक्य मांडायचे पाच अवयव आहेत, प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन, पाचही वापरले. प्रत सेक्रेटरींना, चेअरमनना, खजिनदारांना. ही म्हणाली, "अहो, वर जाऊन नीट बोला ना. पत्रं कसली लिहिता?" मी म्हणालो, हा बोलण्याचा नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे. आजवर ज्या ज्या माणसाने माझ्यासमोर हे वाक्य उच्चारलं तो पुढे तोंडावर आपटला, हे तेव्हा आठवायला हवं होतं.

सेक्रेटरींची अडचण वेगळीच. उपविधींप्रमाणे बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, घरातली ज्याची त्याने. त्यामुळे सोसायटीच्या दृष्टीने सर्वांत सोयीचं सत्य एकच, ते म्हणजे गळती नाही. "अहो, दमट हवा आहे," ते म्हणाले. "मुंबईत कुणाच्या छताला ओल नाही?"

शेवटी विषय वार्षिक सर्वसाधारण सभेत गेला. ३० सप्टेंबरच्या आत ती घ्यावीच लागते, म्हणून आमच्याकडे ती सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी असते. स्थळ पार्किंग, वेळ सकाळी दहा. चोवीस सभासद, त्यांचे दोन तृतीयांश म्हणजे सोळा हा कोरम. दहा वाजता होते नऊ. मग अध्यक्षांनी सभा अर्धा तास तहकूब केली. ही तहकुबी मला फार आवडते. त्या अर्ध्या तासात कुणी कुठे जात नाही, त्याच खुर्च्यांवर तेच लोक तोच चहा पितात, पण कायद्याने तिथे सभा नसते. साडेदहाला पुन्हा भरते तेव्हा कोरमची गरज नसते, आणि नेमके तेव्हाच सतरा जण असतात. बटाटेवडे साडेदहाला येतात.

मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम झालं. हिशेब मंजूर झाले. पार्किंगवर पाऊण तास गेला. त्याबद्दल मी काही लिहीत नाही, ते मला झेपणार नाही. मग "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय" यात माझं छत आलं.

मी उभा राहिलो. फोटो दाखवले, डबा दाखवला (आणला होता), थेंबांचा तक्ता वाचला. ऐकणाऱ्याला तीन गोष्टींनी वळवता येतं असं ॲरिस्टॉटल सांगून गेला: बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याची भावना आणि मुद्द्यातला तर्क. मी बाकीचे दोन रस्ते कमीपणाचे मानून तर्काने गेलो. दुसऱ्याच मिनिटाला पाचशे चार मोबाइल बघायला लागले.

सेक्रेटरी उठले. "चौदा वर्षं," ते म्हणाले, "चौदा वर्षं एक पैसा न घेता या सोसायटीची कामं करतोय." गळतीबद्दल अक्षर नाही, पण सगळ्यांच्या माना हलल्या. ही झाली पत. मग चारशे दोनमधल्या वहिनी उठल्या. "सासूबाईंना ब्याऐंशी पूर्ण झाली. बाथरूम फोडलं तर पंधरा दिवस त्यांनी अंघोळीला कुठे जायचं? सांगा तुम्हीच." ही भावना. दोनशे एकमधल्या काकूंनी डोळ्यांना पदर लावला. माझ्या हातातला आम्रखंडाचा डबा मलाच क्रूर वाटायला लागला.

माझ्या बाजूने उठले ते एकटे चारशे एक. निवृत्त हेडमास्तर, सगळे त्यांना सर म्हणतात. काय बोलले! "पाणी खोटं बोलत नाही! माणूस बोलतो! शेजारी म्हणून आपण सत्याच्या बाजूने उभं राहायचं नाही, तर कधी राहायचं?" पार्किंगमध्ये आवाज घुमला, एक कबूतर उडालं. मला तर भरून आलं. चारशे दोनमधले भाऊ मात्र वड्यातली मिरची बाजूला काढत शांतपणे म्हणाले, "तिकीट न काढलेला माणूस गाडीत सगळ्यात जास्त बोलतो, एवढा अनुभव आहे." मी याचा अर्थ असा लावला की ते मला टोमणा मारतायत.

आमच्या शास्त्रकारांनी चर्चेचेही प्रकार पाडून ठेवलेत. खरं काय ते शोधण्यासाठी करतात तो वाद, जिंकण्यासाठी करतात तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता नुसती दुसऱ्याची पाडतात ती वितंडा. आपण रोजच्या बोलण्यात वाद या शब्दाची पार भांडणापर्यंत घसरगुंडी केली, त्याला कारण असणार. सोसायटीच्या सभेत पहिला प्रकार कुणी पाहिलाय?

मग पाचशे दोनने सूचना मांडली, मत घ्या. गळती चारशे दोनमधून आहे असं किती जणांना वाटतं? पाणी कुठून येतं हे हात वर करून ठरवायचं! मी हरकत घेतली. ती बहुमताने फेटाळली.

माझ्या बाजूने पाच, विरुद्ध दहा, तटस्थ दोन. तटस्थांपैकी एक अध्यक्ष, दुसरे झोपले होते.

घरी येऊन मी ते पाच हात कागदावर मांडले, आणि हा हिशेब कुठल्याही पुस्तकात वाचला नव्हता. मी आणि सर सोडले तर उरलेले तिन्ही हात पहिल्या मजल्याचे. पहिल्या मजल्याच्या खाली पार्किंग आहे. त्यांचं बाथरूम गळलं तर फार तर एखादी स्कूटर भिजेल. बाकी प्रत्येक जण कुणाचा ना कुणाचा वरचा. आज चारशे दोनला दोषी ठरवलं, तर उद्या आपल्या खालचा डबा घेऊन उभा राहील. सहाव्या मजल्याला तर आपल्या वर फक्त गच्ची आहे, आणि गच्चीचा खर्च सोसायटीचा, हे पक्कं ठाऊक. म्हणजे माझा तर्क त्यांना कळला नाही असं नव्हतं. नको तितका कळला होता. एकशे तीनमधल्या वहिनींचा हातही माझ्या बाजूने होता, हे बघून मात्र मी त्या कलमाच्या विनोदाबद्दल मनातल्या मनात माफी मागितली.

इतिवृत्तात आलं: "साधकबाधक चर्चेअंती ३०२ येथे गळती नसल्याचे बहुमताने मंजूर." त्या रात्री मंजूर नसलेलं पाणी मिनिटाला चौदा थेंबांनी पडत होतं.

मी स्वतःला सॉक्रेटिस समजायला लागलो. इ.स.पू. ३९९मध्ये अथेन्सच्या पाचशेच्या आसपास पंचांनी त्याला बहुमतानेच विष पाजलं. झालंच तर आपले तुकोबा. खऱ्या-खोट्याला आपलं मन साक्षी ठेवलं, बहुमत मानलं नाही, असं त्यांनीच सांगून ठेवलंय. असे दोन भक्कम साक्षीदार पाठीशी घेऊन मी चारशे दोनशी बोलणं टाकलं. लिफ्टमध्ये ते दिसले की मी जिन्याने जायचो. तिसरा मजला म्हणजे साठ पायऱ्या, गुडघ्यांना विचारा.

मधल्या काळात महापालिकेच्या निवडणुकीचं वारं सुटलं. मार्च २०२२पासून पालिकेत प्रशासक होता, नगरसेवकच नव्हते, त्यामुळे इच्छुक अगदी भुकेले होते. एक जण चार कार्यकर्ते घेऊन घरी आले. छत पाहून हळहळले. म्हणाले, "काका, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे." नंतर वर गेले. जिन्यात उभं राहून मी ऐकलं, "भाऊ, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे." मला राग यायला हवा होता, पण खरं सांगतो, हेवा वाटला. माझी पाच अवयवांची वाक्यं एका माणसालाही वळवू शकली नाहीत, आणि हा बाबा एका वाक्यात दोन मजले खिशात घालून गेला.

जानेवारीत, मतदान आटोपल्यावर, बेल वाजली. दारात भाऊ. "कलर टेस्ट करू. खर्च माझा." बस, एवढंच.

प्लंबरने त्यांच्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये बोळा कोंबला, पाणी भरलं आणि त्यात निळा रंग सोडला. म्हातारीची अंघोळ दोन दिवस पाचशे दोनमध्ये झाली. अठ्ठेचाळीस तास मी डब्यापाशी बसून होतो. थेंब पडत होते, लख्ख पांढरे. निळ्याचा मागमूस नाही. प्लंबर म्हणाला, "बाजूवाला देखना पडेगा." पाणी म्हणे स्लॅबमध्ये मुरतं एकीकडे, सळयांच्या कडेने सरकतं, आणि वाट मिळेल तिथे बाहेर पडतं. न्यायशास्त्रात याला शब्द आहे: सव्यभिचार हेतू. साध्याशी एकनिष्ठ न राहता इतरत्रही हिंडणारं कारण. परीक्षेला हा प्रश्न मी ऑप्शनला टाकला होता.

बाजूवाला म्हणजे सर. ते म्हणाले, "माझ्याकडे टेस्ट? हा तत्त्वाचा प्रश्न आहे." पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते संभाजी मैदानावर फेऱ्या मारायला गेले असताना त्यांच्या मिसेसनीच प्लंबरला आत घेतलं. या वेळी रंग लाल, आधीच्याशी गल्लत नको म्हणून.

तिसऱ्या दिवशी दुपारी छताच्या पोपड्याच्या टोकाला एक थेंब जमला. बराच वेळ लोंबकळला, फुगला, आणि टप्. आम्रखंडाच्या पांढऱ्या डब्यात एक गुलाबी टिपका पसरत गेला. रंगपंचमीला बादलीतलं शेवटचं पाणी असतं ना, तसा. मी हिला हाक मारली. ती कणीक मळता मळता आली, डब्यात डोकावली आणि काहीही न बोलता परत गेली. इतकं धारदार न बोलणं मी आमच्या संसारात फार कमी वेळा ऐकलंय.

सरांना डबा नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा लावला, डबा उजेडात धरला. "हा गुलाबी आहे," ते म्हणाले. "आपण सोडला होता लाल."

म्हणजे सतरा जणांच्या त्या सभेत बहुमत बरोबर होतं. कारणं सगळी चुकीची, उत्तर बरोबर. माझी कारणं शास्त्रशुद्ध, आणि चार महिने मी एका निर्दोष माणसाला टाळून जिना चढत होतो. सॉक्रेटिस आणि तुकोबा, दोघांनाही मी मुकाट्याने रजा दिली.

संध्याकाळी वर गेलो. जिन्यात वाक्य पाठ केलं होतं, "भाऊ, माझं चुकलं." सोपं, पाच अवयवांची गरज नाही. दार भाऊंनीच उघडलं. गंजिफ्रॉक, हातात रिमोट, आत म्हातारीचा जप चाललेला. मी तोंड उघडलं आणि माझ्या कानांनी ऐकलं ते असं: "तसं बघायला गेलं तर तुमच्या बाथरूमचीही एक टाइल सैल आहे म्हणे. बघून घ्या."

वितंडा. शुद्ध, शास्त्रोक्त.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. भरल्या गाडीत पाचशेची नोट पुढे करणाऱ्याकडे ते आयुष्यभर कसे बघत असतील, ते मला कळलं. मग दारातून बाजूला झाले.

"या, चहा टाकलाय," म्हणाले. "सुट्टे नसतील तर राहू द्या. उतरताना द्या."