स्वप्न कोणाला पडले, यावरून त्याची योग्यता ठरत नाही

मुंबईतल्या आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये अलीकडे एक वाक्य फार सहज उच्चारले जाते: ‘प्रभूने मला स्वप्नात दाखवले.’ भायखळ्याच्या जुन्या उपासनामंदिरात ते ऐकू येते, उपनगरांतल्या घरगुती प्रार्थनासभांत ऐकू येते आणि पहाटेपासून वाजू लागणाऱ्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर तर रोजच वाचायला मिळते. एकदा हे वाक्य आले की पुढची चर्चा थांबते, कारण देवाने दाखवलेल्या गोष्टीवर प्रश्न विचारायचा कोणी? माझा आक्षेप स्वप्नांना नाही. देव स्वप्नांतून आणि दृष्टांतांतून बोलतो, हे पवित्र शास्त्र पहिल्या पुस्तकापासून सांगत आले आहे आणि ते मी मानतो. ज्याला स्वप्न पडते तो इतरांपेक्षा देवाच्या जास्त जवळचा असतो आणि म्हणून त्याचा शब्द इतरांनी निमूटपणे मानावा, ही जी समजूत रुजत चालली आहे, तिला माझा आक्षेप आहे. शास्त्र सलग वाचत गेले की या समजुतीला आधार मिळण्याऐवजी तिला तडेच जात राहतात.

सुरुवात पवित्र शास्त्रातल्या गणना या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायापासून करतो, कारण स्वप्ने आणि संदेष्टे, म्हणजे देवाचा संदेश सांगणारी माणसे, यांचा संबंध तिथे खुद्द देवाच्या तोंडून सांगितला आहे. मिर्याम आणि अहरोन ही बहीणभावंडे आपला भाऊ आणि इस्राएलाचा पुढारी मोशे याच्याविरुद्ध कुरकुर करतात. निमित्त मोशेच्या कूशी पत्नीचे, पण मूळ दुखणे वेगळे: परमेश्वर काय फक्त मोशेशीच बोलतो, आमच्याशी बोलत नाही का? कुरकुर करणारी ही माणसे साधी नव्हेत. मिर्यामला निर्गम या पुस्तकात संदेष्ट्री म्हटले आहे आणि अहरोन मोशेचा संदेष्टा होता. त्यांना मिळालेले उत्तर असे, की तुमच्यात कोणी संदेष्टा असेल तर मी त्याला दृष्टांतात प्रकट होतो, त्याच्याशी स्वप्नात बोलतो. परंतु माझा सेवक मोशे याची गोष्ट तशी नाही, त्याच्याशी मी समोरासमोर, कोड्यांवाचून बोलतो. पुष्कळ प्रचारक या वचनाचा पहिला अर्धा भाग उद्धृत करून थांबतात. दुसरा अर्धा भाग वाचला की ध्यानात येते, की स्वप्न आणि दृष्टांत हा संदेष्ट्याला मिळालेला खरा पण झाकलेला मार्ग आहे, आणि जिथे संदेश झाकलेला असतो तिथे तो उलगडून, पारखून घेण्याची जबाबदारी आपोआप येते. आपल्याला आलेल्या अनुभवाच्या जोरावर अधिकार सांगायला निघालेली मिर्याम त्या अध्यायाच्या शेवटी सात दिवस छावणीबाहेर आहे, हेही विसरू नये.

आता स्वप्ने कोणाकोणाला पडतात ते पाहा. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात गरारचा राजा अबीमलेख साराला आपल्या वाड्यात आणतो, आणि देव त्याला स्वप्नात येऊन बजावतो की ही दुसऱ्याची बायको आहे. राजा स्वप्नातच देवाशी वाद घालतो, मी हे शुद्ध मनाने केले असे म्हणतो, आणि देव ते मान्य करतो. मग देव त्याला सांगतो की तिला नवऱ्याकडे परत पाठव, तो संदेष्टा आहे, तो तुझ्यासाठी प्रार्थना करील. पवित्र शास्त्रात कोणाला संदेष्टा म्हटल्याचा हा पहिलाच प्रसंग आहे. त्या प्रसंगात स्वप्न संदेष्ट्याला पडलेले नाही, परक्या राजाला पडले आहे; आणि संदेष्टा अब्राहाम हा तर बायकोला बहीण म्हणवून सगळ्या घोटाळ्याला कारण झालेला आहे. संदेष्टेपण हे चारित्र्याचे प्रमाणपत्र नव्हे आणि स्वप्न हे संदेष्टेपणाचे नव्हे, असे दोन्ही धडे एकाच गोष्टीत मिळतात.

यानंतर परक्यांची रांगच लागते. याकोबाचा पाठलाग करणाऱ्या लाबानाला देव रात्री स्वप्नात दटावतो. मिसरच्या राजाला, फारोला, सात धष्टपुष्ट आणि सात रोडक्या गाई दिसतात. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याला प्रचंड पुतळा दिसतो. बाळ येशूला पाहायला पूर्वेकडून आलेल्या मागी लोकांना, म्हणजे ज्ञानी लोकांना, स्वप्नात सूचना मिळते आणि ते हेरोदाला टाळून दुसऱ्या वाटेने आपल्या देशी जातात. प्रभूच्या खटल्याच्या दिवशी, शिष्य पळून गेलेले असताना, त्याच्यासाठी स्वप्नात कष्टी झालेली एकच व्यक्ती शुभवर्तमानात नोंदली आहे, आणि ती म्हणजे खटला चालवणाऱ्या रोमी सुभेदार पिलाताची बायको. यांत मला सर्वांत आवडणारा मनुष्य म्हणजे शास्ते या पुस्तकाच्या सातव्या अध्यायातला तो अनाम मिद्यानी शिपाई. जवाची एक भाकर गडगडत आली आणि तिने तंबू उलथून पाडला, असे स्वप्न तो आपल्या सोबत्याला सांगतो, सोबती त्याचा अर्थ लावतो, आणि हे बोलणे अंधारात लपून ऐकणारा इस्राएलाचा पुढारी गिदोन तिथेच देवाला नमन करतो. स्वप्न शत्रूच्या शिपायाला पडले, अर्थ शत्रूच्याच दुसऱ्या शिपायाने सांगितला, आणि धीर मात्र 300 माणसे घेऊन लढायला निघालेल्या देवाच्या माणसाला आला.

पुढे ख्रिस्ती प्रचारक झालेले साधू सुंदरसिंग यांची साक्ष आपल्याकडे पुष्कळदा सांगितली जाते. डिसेंबर 1904 मध्ये त्यांना दर्शन झाले, तेव्हा ते शुभवर्तमानाची प्रत जाळणारे, ख्रिस्ताला विरोध करणारे पंधरा वर्षांचे मूल होते. तीही गोष्ट याच रांगेत बसते.

यावर कोणी म्हणेल की याकोब, योसेफ, शलमोन, दानीएल हे तर घरचेच होते. खरे आहे. पण घरच्यांच्या स्वप्नांनी त्यांना काय दिले ते तपासावे. बेथेल येथे शिडी पाहणारा याकोब भावाला फसवून पळालेला होता, म्हणजे स्वप्न पडण्यासारखे त्याने काहीच कमावले नव्हते. योसेफाने सतराव्या वर्षी, भाऊ आपल्यापुढे वाकतील अशी आपली स्वप्ने भावांना ऐकवली आणि त्याचा परिणाम म्हणून तो खड्ड्यात, मग गुलामगिरीत आणि पुढे तुरुंगात गेला. फारोपुढे उभा राहिला तेव्हा तो तीस वर्षांचा होता, आणि भाऊ त्याच्यापुढे वाकले तेव्हा सुकाळाची सात वर्षे सरून दुष्काळ सुरू झाला होता. मधल्या या दीर्घ काळात योसेफाला स्वतःला एकही नवे स्वप्न पडल्याची नोंद नाही. तो इतरांच्या स्वप्नांचे अर्थ सांगतो, आणि अर्थ सांगणे देवाकडे आहे असे प्रत्येक वेळी म्हणतो. स्वतःच्या स्वप्नाचा उल्लेख करून त्याने तुरुंगाच्या अधिकाऱ्याकडून एखादी सवलत मागितल्याचेही कुठे लिहिलेले नाही.

मराठी माणसाला दृष्टांत ही गोष्ट मुळीच परकी नाही. नामदेव पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि त्यांनी कवित्व करण्याचे काम सोपवले, असे तुकोबांनी स्वतः सांगून ठेवले आहे. त्या स्वप्नाने तुकोबांच्या पदरात मान पडला नाही, उरलेले अभंग पुरे करण्याचा भार पडला. आपले ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत, त्यामुळे हे उदाहरण या ठिकाणी देताना मला संकोच वाटत नाही.

ज्यांच्या नावाची पुस्तके शास्त्रात आहेत त्या लेखी संदेष्ट्यांकडे वळले की चित्र आणखी बदलते, कारण त्यांचे पुष्कळसे दर्शन झोपेतले नाही, उघड्या डोळ्यांचे आहे. यिर्मयाला बदामाची डहाळी आणि उकळते भांडे दिसते. आमोस हा तकोवचा मेंढपाळ. त्याला टोळ दिसतात, आग दिसते, भिंतीला लावलेला ओळंबा दिसतो, उन्हाळी फळांची पाटी दिसते. ओळंबा आपल्या इथल्या कोणत्याही गवंड्याच्या हातात असतो, त्यात गूढ असे काहीच नाही. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे आमोस दृष्टांत पाहून लगेच लोकांना धमकावायला धावत नाही. टोळ पाहिल्यावर तो देवालाच विनवतो की क्षमा कर, याकोब कसा टिकणार, तो किती लहान आहे. आणि परमेश्वर मागे हटतो. आगीच्या दृष्टांतानंतरही तेच घडते. तिसऱ्या दृष्टांताला, ओळंब्याला, आमोस हरकत घेत नाही, कारण वाकलेली भिंत त्यालाही दिसते आहे. ज्यांच्याविरुद्ध दृष्टांत मिळाला त्यांची बाजू घेऊन आधी देवाशी भांडणारा हा संदेष्टा, आणि अमक्या कुटुंबावर संकट येणार असे दाखवले आहे म्हणून गटावर निरोप टाकून मोकळा होणारा आजचा स्वप्नद्रष्टा, यांना मी एकाच नावाने हाक मारू शकत नाही.

परीक्षेचा भाग तर सर्वांत कठोर आहे. मोशेच्या नियमशास्त्रातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात म्हटले आहे, की एखादा संदेष्टा किंवा स्वप्न पाहणारा उठला, त्याने चिन्ह सांगितले आणि ते खरे ठरले, तरीही तो जर तुम्हाला दुसऱ्या देवांमागे नेत असेल तर त्याचे ऐकू नका. खरे ठरले तरीही! आपल्याकडे ‘त्यांनी सांगितले ते तसेच घडले’ हा शेवटचा पुरावा समजला जातो. मोशेच्या नियमशास्त्राला तो पुरेसा वाटत नाही. यिर्मयाच्या तेविसाव्या अध्यायात ‘मला स्वप्न पडले, मला स्वप्न पडले’ असे ओरडणाऱ्यांना देव विचारतो की गव्हापुढे भुसकटाची काय किंमत. त्याच ठिकाणी, ज्याला स्वप्न पडले त्याने ते स्वप्न म्हणून सांगावे, असेही म्हटले आहे, म्हणजे तोंड बंद करण्याचा हुकूम नाही. स्वप्न हे देवाचे वचन म्हणून खपवण्याला मनाई आहे. यिर्मया स्वतः किती सावध होता ते बेचाळिसाव्या अध्यायात दिसते. लोक घाबरून त्याला विचारायला आले, मिसरात जावे की नाही. त्याने तिथल्या तिथे डोळे मिटून उत्तर दिले नाही. दहा दिवसांनी त्याला वचन प्राप्त झाले, आणि तेही लोकांना नको असलेले.

नव्या करारात पेत्राची गोष्ट याच शिस्तीत घडते. यापो येथे दुपारच्या वेळी, भुकेलेला असताना, धाब्यावर प्रार्थनेला गेलेल्या पेत्राला, आकाशातून उतरणाऱ्या, नाना प्राण्यांनी भरलेल्या चादरीचा दृष्टांत तीन वेळा होतो आणि तरीही त्याला अर्थ कळत नाही. तो कोड्यात पडलेला असतानाच कर्नेल्याची माणसे दाराशी येतात. कर्नेल्य हा रोमी शताधिपती, म्हणजे पुन्हा परका, आणि त्याला कैसरीयात आदल्या दिवशीच वेगळा दृष्टांत झालेला आहे. दोन गावांतले दोन अनुभव एकमेकांना जुळले तेव्हा, देव परक्यांनाही स्वीकारतो, हे पेत्राला उमगले. हनन्या आणि शौल, म्हणजे पुढचा पौल, यांच्याबाबतीत दिमिष्कातही असेच घडते. पुढे यरुशलेमेत, परक्यांच्या घरी गेल्याबद्दल, पेत्राला जाब विचारला जातो. आणि मंडळीचा आधारस्तंभ असलेला तो प्रेषित, मला दृष्टांत झाला आहे, तुम्ही कोण विचारणारे, असे म्हणत नाही. तो सगळे क्रमाने सांगतो आणि सोबत नेलेल्या सहा बंधूंना साक्षीदार म्हणून पुढे करतो. पौलाने तर तिसऱ्या स्वर्गाचा अनुभव 14 वर्षांनंतर, नाइलाजाने आणि दुसऱ्या कोणाची तरी गोष्ट सांगावी तसा सांगितला. संदेष्ट्यांनी बोलावे आणि इतरांनी त्याची पारख करावी, असे करिंथच्या मंडळीला लिहिणारा पौल हाच.

ही पारख आपण सोडून दिली आहे आणि तिची किंमत घरांतली माणसे मोजत आहेत. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबात बाहेरून आलेल्या प्रचारकाने स्वप्नाचा हवाला देऊन मुलीचे ठरलेले लग्न मोडायला लावले. मुलीचे मत त्या बैठकीत कोणी विचारले नाही, पाळकांना तर लग्न मोडल्यानंतर कळले. दुसऱ्या ठिकाणी स्वप्नात आकडा दिसला म्हणून दानाची रक्कम ठरवून मागितली गेली. आईवडील भोळे नव्हते, शिकलेले होते. पण देवाला नाही म्हणण्याची भीती माणसाला शिक्षणापेक्षा मोठी वाटते. म्हणून माझे म्हणणे असे आहे, की ज्या स्वप्नात दुसऱ्याचे लग्न, पैसा, नोकरी किंवा आजारपण येते, ते मंडळीच्या वडीलवर्गापुढे आणि ज्याच्याबद्दल आहे त्याच्या उपस्थितीत सांगितले गेले पाहिजे, आणि ऐकणाऱ्याला नकार देण्याची मोकळीक असली पाहिजे. ज्याला हे मंजूर नसेल त्याने स्वप्न स्वतःपाशी ठेवावे.

यावर योएल संदेष्ट्याचे वचन माझ्यापुढे हमखास ठेवले जाते: तुमचे वृद्ध स्वप्ने पाहतील, तुमचे तरुण दृष्टांत पाहतील. पण त्या वचनात मुलगे आहेत, मुली आहेत, दास आणि दासीही आहेत. देवाचा जो आत्मा सर्वांवर ओतला जाणार आहे, त्याच्या आधारे एकट्यादुकट्याने विशेष अधिकार कसा सांगावा? पेत्राने हे वचन पन्नासाव्या दिवसाच्या सणाला, शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमारास, ही माणसे प्यालेली नाहीत हे पटवून देताना उद्धृत केले. त्या दिवशी यरुशलेमेत कोणी आपले स्वप्न सांगितल्याची नोंद नाही. पेत्र पुढे बोलला तो दाविदाच्या स्तोत्रांवरून आणि लोकांनी डोळ्यांदेखत पाहिलेल्या येशूच्या कृत्यांवरून. आणि आम्ही काय करावे असे त्यांनी विचारल्यावर त्याने पश्चात्ताप आणि बाप्तिस्मा एवढेच सांगितले. ज्यांना या विषयावर माझ्याशी वाद घालायचा आहे त्यांनी प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय शेवटपर्यंत वाचून खाली लिहावे, मी उत्तर देईन.