‘हात काढा’ म्हणायला शिकवणारी तालीम

गेला महिनाभर आमच्या घरात एकच वाद चालू आहे. माझी भाची अमळनेरहून रोज सकाळच्या गाडीने जळगावला कॉलेजला जाते. गाडीच्या गर्दीत कुणीतरी तिच्या अंगाला हात लावला. तिने ते घरी येऊन सांगितले, यातच तिचे मोठे धाडस आहे. तेव्हापासून भाऊ म्हणतो, कराटेचा क्लास लावू, दोन-तीन वर्षांत ब्लॅक बेल्ट होईल. मामेभाऊ मातीत घोळलेला माणूस. त्याच्या मते कराटे म्हणजे हवेत हातपाय, पोरीला तालमीत घाला. वहिनीला एका दोन दिवसांच्या शिबिराची जाहिरात पटली आहे. डोळ्यांत बोटे कशी घालायची, चाकू कसा हिसकावायचा, असे ‘खऱ्या हल्ल्यासाठीचे’ शिक्षण तिथे मिळते म्हणे. मी अठरा वर्षे कॅनडात, विंडसरला राहते, म्हणून शेवटी मला विचारले.

आधी मामेभावाची बाजू घेते, कारण तिच्यात तथ्य आहे. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून मी यात्रांमधल्या कुस्त्यांच्या दंगली पाहिल्या. चाळीसगाव तालुक्यातला विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ असा लागोपाठ तीनदा महाराष्ट्र केसरी झाला, तेव्हा मी इथे रडले होते. कुस्तीची खरी कमाई म्हणजे समोरचा माणूस मनापासून विरोध करत असतो. तो तुम्हाला डाव लावू देत नाही. एकेरी पट काढायला गेलात की तो पाय मागे घेतो आणि वरून दाबतो. दम लागलेला, तोंडात माती गेलेली, तरी विचार करायचा, ही सवय दुसरीकडे सहज मिळत नाही.

जपानमध्ये जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये ज्युदो सुरू केला, तेव्हा हेच ओळखले होते. जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतले जीवघेणे प्रकार त्यांनी मोकळ्या सरावातून बाजूला काढले, म्हणून जोडीदाराशी पूर्ण ताकदीने भिडता येऊ लागले. ‘खेळ आहे म्हणून लुटुपुटूचा’ हे म्हणणे त्यामुळे उलटे पडते. डोळ्यांत बोटे घालण्याचा सराव खऱ्या माणसावर खऱ्या जोराने करताच येत नाही. शिबिरात जोडीदार हात पुढे करून थांबतो, आपण तो पिरगाळतो, टाळ्या पडतात. गाडीतला माणूस थांबणार नाही. आज ‘रस्त्यावरची’ म्हणून विकली जाणारी क्राव्ह मागा ही इस्रायली स्वसंरक्षणाची पद्धत ज्यांनी घडवली ते इमी लिख्टेनफेल्ड स्वतः कुस्ती आणि बॉक्सिंगमधून आलेले. १९३०च्या दशकात ब्रातिस्लाव्हात ज्यूंवर हल्ले करणाऱ्या टोळ्यांशी लढताना आखाडा आणि रस्ता यांतला फरक त्यांना कळला. पण तो कळण्याआधी अंगात आखाडा मुरलेला होता. दोन दिवसांच्या शिबिरात तो कुठून येणार?

खेळाची मर्यादाही आहे, आणि ती टोकियोत सगळ्या जगाने पाहिली. ऑगस्ट २०२१ मध्ये ऑलिम्पिकच्या कराटेत पुरुषांच्या सर्वांत वरच्या वजनगटाची अंतिम लढत होती. सौदीचा तारेग हमेदी ४-१ ने पुढे होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेला अशी बसली की तो बेशुद्ध पडला. नियमापेक्षा जोरात मारले म्हणून हमेदी बाद झाला आणि सुवर्णपदक गंजजादेला मिळाले. खेळ म्हणून तो निर्णय योग्यच होता. पण जोर आवरण्यालाच गुण देणारी सवय वर्षानुवर्षे अंगी बाणवायची आणि तिला स्वसंरक्षण म्हणायचे, हे पालकांना आधी सांगायला हवे.

आता जे सांगते ते घरी कधी सांगितले नव्हते. शाळेत असताना मी तीन वर्षे कराटे शिकले. हिरवा पट्टा होता, काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचे क्रम, तोंडपाठ होते. सतरा वर्षांची असताना एका लग्नघरात, मांडवामागच्या खोलीत, घरोब्यातल्या एका माणसाने मला धरले. माझ्या हाताला काही सुचले नाही. मूठ वळली नाही, लाथ उठली नाही, आवाजसुद्धा फुटला नाही. कराटेत समोरचा आधी वाकून नमस्कार करतो आणि मग वार करतो. इथे ज्याला मी रोज ‘काका’ म्हणत होते तो हसत जवळ आला. बाहेरून कुणीतरी हाक मारली म्हणून मी सुटले. वर्षानुवर्षे वाटत राहिले की मीच नीट शिकले नाही. आज ठामपणे सांगते, मला ते कुणी शिकवलेच नव्हते.

माझ्या मुलीला ते इथे शिकवले. कॅनडात विद्यापीठातल्या मुलींसाठी बारा तासांचा एक अभ्यासक्रम आहे, विंडसर विद्यापीठातल्या प्राध्यापक शार्लीन सेन यांनी तयार केलेला. धोका ओळखणे, ओळखीच्या माणसाला नाही म्हणताना मन कुठे अडखळते ते कबूल करणे, मग प्रतिकार, आणि आपल्याला काय हवे-नको याची स्पष्टता, असे त्याचे चार भाग. हातापायांचा सराव त्यातल्या एका भागात येतो. त्याची तपासणी विंडसर, ग्वेल्फ आणि कॅलगरी इथल्या ८९३ विद्यार्थिनींवर झाली आणि निष्कर्ष २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. ज्यांना फक्त माहितीपत्रके दिली होती त्यांच्यात वर्षभरात बलात्काराचे प्रमाण ९.८ टक्के होते, अभ्यासक्रम केलेल्यांत ५.२ टक्के. यात कुठलाही पट्टा नाही, पदक नाही.

ताकद नको असे मी म्हणत नाही. पण जानेवारी २०२३ मध्ये जंतरमंतरवर साक्षी मलिक आणि विनेश फोगाट बसल्या होत्या, ते आठवा. जगातल्या भल्याभल्यांना चीत करणाऱ्या मल्ल त्या, आणि तक्रार कुस्ती महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांकडून होणाऱ्या लैंगिक छळाची. अधिकाराच्या खुर्चीवर बसलेल्या माणसावर ढाक डाव लावता येत नाही. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंदणीचे आकडेही वर्षामागून वर्ष हेच सांगतात की बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा आरोपी ओळखीचा असतो. मग अंधाऱ्या गल्लीतल्या चाकूवाल्यासाठीच सगळी तयारी कशाला?

इथले सगळे तिकडे उचलून न्यावे असेही नाही. विंडसरला जानेवारीत संध्याकाळी सहाच्या सुमारास अंधार पडतो. जाड जाकीट, बूट, पायाखाली बर्फ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. इथे ओरडून कोण येणार? पेपर स्प्रे जवळ बाळगणे इथे गुन्हा आहे. अमळनेरच्या स्टँडवर मुलगी एकदा ओरडली तर चाळीस माणसे वळून बघतील. तिथे आवाज हे केवढे मोठे हत्यार आहे! पण नेमका तोच आपण मुलींच्या गळ्यात अडकवून ठेवला आहे. ‘चारचौघांत बोभाटा नको’ हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकले, तितक्या वेळा काताही केला नसेल. माझी आजी मात्र वेगळी होती. ती अहिराणीत म्हणायची, ‘आंडेरले बोलाले शिकाडा.’ म्हणजे मुलीला बोलायला शिकवा.

कायद्याचेही दोन शब्द शिकवले पाहिजेत. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. स्वतःच्या बचावाचा हक्क तिच्यात कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. बचावाला लागेल तेवढाच मार द्यायचा, पळून गेलेल्याला गाठून झोडपणे हा बचाव नाही. वहिनीच्या शिबिरात कुठे थांबायचे हे सांगतात का, ते विचारून घ्या.

भाचीने नंतर मला एकटीला फोन केला. गाडीतला माणूस परका नव्हता, गल्लीतलाच होता, म्हणून तिची जीभ रेटली नव्हती. तिच्या परवानगीने मी ते भावाला सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग मी माझे मत सांगितले. जिथे समोरचा खरेच ढकलतो, पाडतो, तिथे तिला घाल, मग ती मुलींची तालीम असो की ज्युदोची गादी. कराटे तिला आवडत असेल तर तेही शिकू दे, फक्त त्याच्यावर निर्धास्त राहू नकोस. आणि दुसरी तालीम घरात घ्यायची, ती कुठल्याही वस्तादाकडे मिळणार नाही.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर ती आम्ही घेतली. भाऊ बाकावर तिच्याशेजारी सरकून बसला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने म्हणायचे होते, ‘हात काढा.’ पहिल्यांदा ती पुटपुटली आणि वडिलांकडे न बघता हसली. दुसऱ्यांदा शब्द ऐकू आले, पण शेवटी ‘ना काका’ जोडले गेले. मी म्हटले, ‘काका’ नको, ‘ना’ही नको. तिसऱ्यांदा तिने मान वर केली आणि अशी ओरडली की शेजारच्या काकू हातातली परात तशीच घेऊन दारात आल्या, ‘काय झालं गं?’ म्हणत.