रजा मिळाली नाही, मग आम्हीच निघालो

२०२४च्या दिवाळीत आमच्या कोथरूडच्या घराला कुलूप होतं. "ऐन दिवाळीत घर बंद ठेवणार?" असं नात्यातल्या चार जणांनी विचारलं, आणि त्यातल्या दोघांनी तर आईला अपराधी वाटेल अशा सुरात. मला अजून त्याचा राग येतो, म्हणून लिहायला बसले.

माझा धाकटा भाऊ सैन्यात आहे, तेव्हा जम्मूला होता. सलग तिसऱ्या दिवाळीला त्याला रजा नव्हती. दरवर्षी आई त्याच्या वाटणीचा फराळ वेगळा काढायची आणि तुळशीचं लग्न लागलं तरी तो डबा कुणाला उघडू द्यायची नाही. त्या वर्षी ती म्हणाली, "त्याला येता येत नाही, पण आपल्याला जाता येतं ना?"

वसुबारस, धनत्रयोदशी घरी केली आणि ३० ऑक्टोबरच्या संध्याकाळी पुणे स्टेशनवरून झेलम एक्सप्रेसमध्ये बसलो. किल्ली शेजारच्या काकूंकडे होती. त्यांनी पाचही दिवस आमच्या दाराशी पणती लावली, आकाशकंदील लावला. तेव्हा घर अंधारात होतं असं कुणी म्हणू नये.

झेलमने गेलेल्यांना ठाऊक असेल, रजा संपवून परत निघालेले जवान या गाडीत असतातच. आमच्या समोरच्या बर्थवर बीडकडचा एक मुलगा होता, जेमतेम तेवीस-चोवीसचा. पहिल्या आंघोळीच्या आदल्या दिवशी घर सोडून निघालेला. रात्री दौंड गेलं, मनमाड गेलं, तरी तो खिडकीला डोकं टेकून तसाच बसून होता.

पहाटे आईने मला हलवून उठवलं. खंडवा मागे पडलं होतं, बाहेर मिट्ट काळोख. गाडीत पणती पेटवायची नाही आणि आंघोळीचा तर प्रश्नच नाही. आईने वाटीत तिळाचं तेल घेतलं, माझ्या टाळूवर थापलं, मनगटांना चोळलं, कानांच्या पाळ्यांना लावलं. बाटलीच्या पाण्यात चमचाभर उटणं कालवलं. नागरमोथा, कचोरा, आंबेहळद यांचा तो वास डब्यात पसरला आणि समोरचा मुलगा उठून बसला. काही बोलला नाही, नुसता बघत राहिला.

"ये रे बाळा, तुला पण लावते," आई म्हणाली.

तो खाली उतरून तिच्यापुढे मान वाकवून बसला. आई तेल चोळत होती तेव्हा एवढंच म्हणाला, "काकू, आमची आई बी असंच पहाटं उठवती."

मंडईतून आणलेली दोन कारिटं आईने वर्तमानपत्रात गुंडाळून घेतली होती. त्यातलं एक तिने त्याला दिलं. बेसिनपाशी कागद पसरून त्याने ते डाव्या पायाच्या अंगठ्याखाली चिरडलं, "गोविंदा गोविंदा" म्हणाला, रसाचं बोट कपाळाला आणि जिभेला लावलं. मग आम्ही तिघांनी चकल्या, करंज्या खाल्ल्या. पठाणकोटला उतरताना आईने त्याच्या हातात एक अख्खा डबा दिला.

अमावास्या दोन दिवसांत विभागली होती. आपल्या पंचांगांत लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला, पण उत्तरेत बऱ्याच ठिकाणी ३१लाच. त्यामुळे आग्र्यानंतर दिल्लीपर्यंत रुळांच्या दोन्ही बाजूंना गच्च्यांवर दिवे आणि आभाळात फटाके. आईने खिडकी सोडली नाही. आमचं पूजन दुसऱ्या दिवशी जम्मूत, लॉजच्या खोलीत झालं. केरसुणी तिथल्या बाजारातून विकत घेतली, लाह्या-बत्तासे पुण्याहून नेले होते.

सण घरी करावा हे मलाही मान्य आहे. पण घरातल्या एकाला सुट्टीच नसेल तर? पोलीस, नर्स, एसटीचे चालक-वाहक, रेल्वेचे लोक, कितीतरी घरांत असं कुणीतरी असतं. त्याला व्हिडिओ कॉलवर ओवाळायचं आणि "पुढच्या वर्षी नक्की ये" म्हणायचं, याची आपण सवय लावून घेतली आहे. ज्याला सुट्टी आहे त्याने का निघू नये? सगळ्यांना खर्च झेपत नाही, घरात आजारी माणूस असतं, हे कळतं मला. पण नुसतं कुलपाच्या भीतीने थांबू नका हो. तेल, उटणं, फराळ, ओवाळायचं ताट, एवढं सगळं एका पिशवीत मावतं. आम्ही नेलं आहे.

भावाला बाहेर पडायची परवानगी मिळाली ती थेट भाऊबीजेच्या सकाळी, ३ तारखेला. तो खोलीत आला, बूट काढले, आणि मी ताट घेऊन पुढे होणार तेवढ्यात आई म्हणाली, "थांब गं, त्याची पहिली आंघोळ राहिलीय." तिने पिशवीतून तो कागद सोडवला. दुसरं कारीट तिने त्याच्यासाठी जपून ठेवलं होतं. चार दिवसांत थोडं सुरकुतलं होतं. भावाने ते अंगठ्याखाली धरलं आणि लहानपणी वाड्यात ओरडायचा तसा मोठ्यांदा ओरडला, "गोविंदाऽऽ गोविंदा!"