आकड्यांचे रकाने म्हणजे राक्षस नव्हेत

राक्षसांच्या पुरवणी पुस्तकांचा मला आता मनापासून संताप येतो. डन्जन्स अँड ड्रॅगन्ससारख्या खेळात, जिथे चार-पाच जण टेबलाभोवती बसून आपापली पात्रे रंगवतात आणि एक जण डन्जन मास्टर होऊन बाकीचे सगळे जग चालवतो, तिथे मूळ नियमांबरोबर राक्षसांचे एक जाडजूड पुस्तक लागतेच. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यानंतर निघत राहणाऱ्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या पुस्तकांबद्दल. आमच्याकडे रत्नागिरीत ती बाहेरून मागवावी लागतात, एकेकाला कुरिअरसह तीन-साडेतीन हजार रुपये पडतात, आणि एवढे पैसे मोजून हाती काय येते, तर आकड्यांचे रकाने.

यंदा आणलेल्या पुस्तकातले एक पान सांगतो. दलदलीत राहणारा प्राणी, आर्मर क्लास (म्हणजे त्याला वार लागणे किती अवघड) १५, हिट पॉइंट (म्हणजे तो किती मार सोसतो) ७५, एका फेरीत दोन पंजे आणि एक चावा. पुढच्या पानावर डोंगरात राहणारा प्राणी, आर्मर क्लास १६, हिट पॉइंट ८५, पुन्हा दोन पंजे आणि एक चावा. दोघांचेही चॅलेंज रेटिंग ५, म्हणजे पाचव्या पातळीच्या चार पात्रांना झेपेल एवढे. चित्रे देखणी आहेत, हे मान्य करतो. पण खेळाडूंच्या वाट्याला चित्र येत नाही, वागणूक येते, आणि वागणूक एकच असल्यामुळे तिसऱ्या फेरीपर्यंत सगळ्यांना कळून चुकते की हा मागच्या शनिवारचाच प्राणी आहे, फक्त नाव बदलले आहे. मग कोणी मोबाइल काढतो, कोणी चहाची चौकशी करतो, आणि चार दिवस खपून उभा केलेला प्रसंग डोळ्यांदेखत मरतो.

त्याहून चीड येते ती पुनर्मुद्रणाची. २०१६ आणि २०१८ साली आलेल्या दोन पुस्तकांतले राक्षस घेऊन, आकडे थोडे इकडेतिकडे करून, २०२२ साली अडीचशेहून अधिक राक्षसांचे तिसरे पुस्तक काढण्यात आले आणि आधीच्या दोन पुस्तकांची डिजिटल विक्री थांबवण्यात आली. आकड्यांतली सुधारणा मी समजू शकतो. परंतु त्या जुन्या पुस्तकांत राक्षसांच्या चालीरीती, त्यांची आपसातली वैरे, त्यांचे देव यांवर जी सविस्तर पाने होती, तीच नेमकी छाटली गेली. कालचे बांगडे बर्फ बदलून आज विकावेत, आणि तेही डोकी उडवून, तसा हा व्यवहार आहे. शिवाय जानेवारी २०२३ पासून या खेळाचे मूळ नियम तीनशेहून अधिक राक्षसांच्या आकड्यांसकट क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट उपलब्ध आहेत. नुसते आकडेच हवे असतील, तर पुरवणी पुस्तकावर एक रुपया तरी का खर्च करावा?

पूर्वी असे नव्हते, म्हणून जास्त वाईट वाटते. १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअल या राक्षसांच्या पुस्तकात वाघाच्या तोंडाचा, ‘राक्षस’ हेच नाव असलेला एक प्राणी आहे. दशावतारात पाहिलेल्या राक्षसाशी त्याचे फारसे नाते नाही, तरीही तो समोरच्याचे मन वाचतो, त्याला विश्वासाचे वाटेल असे रूप घेऊन जवळ येतो, आणि मंतरलेला बाण लागला तरच झटक्यात मरतो. एवढ्या दोन-तीन गोष्टींतून अख्खी रात्र खेळता येते. १९८१ च्या फीन्ड फोलिओ या पुरवणी पुस्तकातले बरेच राक्षस एका ब्रिटिश मासिकाच्या वाचकांनी रचून पाठवलेले होते, आणि त्यातल्या गिथयांकी नावाच्या जमातीची चांदीची तलवार परक्याच्या हाती गेली, तर ते ती परत मिळवण्यासाठी त्याच्या मागावर निघतात. तलवार उचलायची की नाही, एवढ्या एका प्रश्नावर टेबलाभोवती भांडण पेटते. पुरवणी पुस्तकाची किंमत अशा ओळींत असते.

आणि हे कोकणातल्या माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही. गिऱ्हा पाण्यात असतो, हाका मारून माणसाला खोल पाण्याकडे नेतो, आणि त्याची शेंडी ज्याच्या हाती लागेल त्याच्याकडे तो राबतो, पण ती परत मिळवण्यासाठी टपूनही असतो. चकवा कोणाला ओरबाडत नाही. रात्रभर एकाच जागी फिरवतो. समंध मागे राहिलेल्या मालमत्तेला चिकटून बसतो आणि दुसऱ्या कोणाला ती सुखाने उपभोगू देत नाही. आरवलीचा वेतोबा तर देवच आहे, त्याला राक्षसांच्या रांगेत बसवण्याचा विचारही माझ्या मनात येणार नाही. पण रात्री गावाची राखण करत फिरून त्याच्या चपला झिजतात, म्हणून भाविक त्याला मोठाल्या चामडी चपला वाहतात, या एका श्रद्धेत त्याचे काम, त्याची हद्द आणि गावाशी असलेले त्याचे नाते सगळे येते. आमच्या आज्यांनी यांपैकी कोणाचेही हिट पॉइंट सांगितले नाहीत. कुठे राहतो, काय मागतो, कशाने टळतो, एवढे सांगितले, आणि तिन्हीसांजेनंतर विहिरीकडे जायची आमची छाती होत नसे. जे त्यांना चुलीपुढे बसून जमत होते, ते पगारी लेखकांचा ताफा असलेल्या प्रकाशकाला का जमू नये?

यावर ठरलेले उत्तर मिळते की डन्जन मास्टरने स्वतःची कल्पना लढवावी, पुस्तकाने सगळे भरवू नये. हे मला अजिबात पटत नाही. कल्पना लढवायला काही तरी हाताशी लागते, आणि ते पुरवणे हेच तर अशा पुस्तकाचे काम आहे. हिट पॉइंट ७५ चे ८५ मी स्वतः पेन्सिलीने करू शकतो. त्या दलदलीतल्या प्राण्याला भूक कशाची आहे, तो आपल्या पिल्लांना कुठे लपवतो, शेजारच्या गावाने त्याच्याशी कोणता करार केला होता आणि तो कोणी मोडला, हे मला हवे होते. ते पुस्तकात नसल्यामुळे आता मीच रात्री कामावरून घरी आल्यावर वहीत लिहीत बसतो, आणि त्याचे साडेतीन हजार मात्र मी आधीच दुसऱ्या कोणाला देऊन बसलेलो आहे.