पाय दुखतायत ते लॅक्टिक ॲसिडमुळं नाही
साताऱ्यातल्या पळणाऱ्यांच्या ग्रुपवर परत तो मेसेज फिरतोय, की यवतेश्वर घाट पळून आल्यावर दुसऱ्या दिवशी पाय धरतात ते लॅक्टिक ॲसिड साठल्यामुळं, आणि लिंबू-सोडा पिला की ते विरघळून जातं. मंडळी, हे चुकीचं आहे. जोरात पळताना लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिडचंच शरीरातलं रूप) वाढतं हे खरं, पण थांबल्यावर साधारण तासाभरात ते नॉर्मलला येतं, शरीर ते इंधन म्हणून वापरून टाकतं. दुखणं मात्र सगळ्यात जास्त असतं 24 ते 72 तासांच्या मधे. मग तासात गेलेली गोष्ट परवा कशी दुखवेल?

खरं कारण उतार. चढताना दम लागतो, पण मांड्यांची वाट लागते ती घाट उतरताना, कारण प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, त्यात तंतूंना बारीक इजा होते, मग तिथं सूज येते नि आजूबाजूच्या नसा हळव्या होतात. म्हणून तर दुसऱ्या दिवशी जिना कसाबसा चढता येतो आणि उतरताना कठडा धरावा लागतो.

लिंबूपाणी प्या की, तहान भागते, पण या दुखण्यावर ते औषध नाही. हलकं चालत रहा, नीट झोपा, उताराची सवय थोडी थोडी लावा, पुढच्या वेळी कमी दुखतं. पण लघवी गडद तपकिरी झाली किंवा पाय खूप सुजला तर घरी उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा, स्नायू जास्त तुटले की किडनीवर बेततं.