दाढ, खडा आणि पॉलिसी

आमच्याकडे दाढ दुखायची ती पोळ्याच्या आसपास. घरातला सगळा पैसा तेव्हा वावरात असतो; बियाणं, खत, फवारणी, निंदण. कापूस घरी यायला दिवाळी उजाडायची असते. चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, खिशात खुळखुळत असताना माझ्या तोंडातला एकही दात कधी कुरकुरल्याचं आठवत नाही.

यंदा निमित्त झालं खड्याचं. वरणभाताचा घास, कट्ट असा आवाज आणि डोळ्यांपुढे काजवे. बायको म्हणाली, "माह्या हातचे निवडलेले तांदूय आहेत, खडा नसनच." मी खडा ताटात काढून दाखवला. तो मी काडेपेटीत जपून ठेवला. का, ते पुढं येईलच.

मग गावभर औषधं. लवंग झाली, तुरटी झाली. पानठेल्यावर, जिथं तंबाखू-सुपारी घासून खर्रा करतात, सल्ला मिळाला, "खर्रा दाबून ठेव, नस बधिर होते." सल्ला देणाऱ्याच्या तोंडात पुढचे दात नव्हते, त्यामुळं अनुभव दांडगा असावा. एका आजीनं भुईरिंगणीच्या बियांचा धूर दिला, खाली वाटीत पाणी ठेवलं आणि पाण्यात पडलेले "किडे" मला दाखवले. दाढ होती तशीच ठणकत राहिली. गंमत बघा, बैल घेताना आम्ही बाजारात त्याचा जबडा उघडून दोनदाती, चारदाती, जुळलेला असा हिशोब करतो. स्वतःचा जबडा मात्र तालुक्याच्या डॉक्टरनं उघडेपर्यंत कोणी पाहिलेला नसतो.

डॉक्टरनं पाहिला. "कीड आधीच दाताच्या नसेपर्यंत गेलेली आहे, खड्यानं फक्त वरचा पापुद्रा उडवला. रूट कॅनल, मग कॅप." रूट कॅनल साडेतीन हजार. कॅपमध्ये तीन जाती: धातूची दोन हजार, सिरॅमिक चार, झिरकोनिया आठ. 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 रुपये क्विंटल. म्हणजे एका दाढेच्या टोपीला क्विंटलभर कापूस, तोही हमीभावानं विकला गेला तर. व्यापाऱ्याच्या भावानं टोपी आणखी जड.

तेव्हा बायकोला आरोग्य विम्याची पॉलिसी आठवली. माझ्या साडभावाचा भाचा एजंट आहे. दरवर्षी हप्ता नेतो आणि चहा पिऊन जातो. कोठीतून फाईल काढली. सगळं इंग्रजीत. बारावीतल्या पोरानं वाचून अर्थ सांगितला: दातांचे उपचार मिळणार नाहीत, अपघातामुळं करावे लागले आणि दवाखान्यात भरती व्हावं लागलं, तरच मिळतील. आता अपघात कशाला म्हणायचं? तेही लिहिलेलं होतं. अचानक, अनपेक्षित, बाहेरच्या, दिसणाऱ्या आणि हिंसक कारणानं घडलेली घटना.

मी काडेपेटी समोर घेतली आणि हेल्पलाइनला फोन लावला.

"मॅडम, खडा अचानक आला. बाहेरून आला. दिसतो, माझ्यापुढंच आहे."

"सर, आपण ॲडमिट होता का?"

"दाढेसाठी?"

"किमान 24 तास, सर."

"मॅडम, अर्ध्या तासाचं काम आहे. उरलेले साडेतेवीस तास मी तिथं काय करू?"

तिकडून संगीत सुरू झालं. ते बराच वेळ छान वाजत होतं.

पारावर ही गोष्ट सांगितली, तर शेजारचे काका म्हणाले, "बैलानं लाथ मारली म्हून सांगजो."

"काका, बैलानं बाकी थोबाड सोडून मागची एकच दाढ कशी फोडली, हे विचारतीन ना!"

सरकारच्या मोफत इलाजाचं आयुष्मान कार्डही काढून पाहिलं. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. जबडा मोडला तर त्यातून ऑपरेशन होतं, तोंडाचा कॅन्सर झाला तरी होतं. म्हणजे पानठेल्यावरचा सल्ला वीस वर्षं इमानदारीनं पाळला, तर सरकार पाठीशी आहे. दाढेला पडलेलं भोक तेवढं बुजवायचं नाही. हे लिहिताना मला हसू येत नाही, पण चीडही धड येत नाही. खर्रा घासणारा पोरगा आमच्याच आळीतला आहे.

एजंट भाच्याला फोन केला. "मामाजी, ओपीडीचं, म्हंजे भरती न होता केलेल्या इलाजाचं, वेगळं जोडून घ्या लागते." मी जादा हप्ता आणि त्यातून वर्षाला मिळणारी कमाल रक्कम शेजारीशेजारी लिहिली. जुळ्या बहिणी दिसल्या. नागपूरला मेडिकल कॉलेजजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथं खर्च फार थोडा. पण दर खेपेला एसटीचा दिवस जाणार आणि सोयाबीन सोंगणीला आलं होतं.

शेवटी तालुक्याचा डॉक्टरच देवासारखा बोलला. "चुकारा आला की द्या." त्यानं वहीत नाव लिहिलं, वहीत आमच्या गावची निम्मी मतदार यादी होती. मी धातूच्या टोपीवर बोट ठेवणार, तोच तो म्हणाला, "झिरकोनियाला 10 वर्षांची वॉरंटी आहे." मी गारद. कपाशीच्या बियाण्याची पाकिटं घेताघेता केस पिकले, पण उगवेलच अशी वॉरंटी मला कोणी दिली नव्हती. आठ हजार कबूल केले.

कॅप बसली, कार्ड मिळालं. घरी येऊन पोरानं तेही वाचून दाखवलं. तळाशी बारीक अक्षरात होतं: अपघातामुळं तुटल्यास वॉरंटी लागू नाही.

मी म्हटलं, "दोन्ही कागद एकाच फायलीत लाव. भांडू दे आपसात."